वाचकांचे प्रश्न : टकटकणारे दगड

किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटर आता मोबाइलच्या चार्जरसारखा घरपोच येतो. त्यामुळे या वेळच्या पत्रांत निम्मे प्रश्न किरणोत्सारी खनिजांचे आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

झिओलाइट, अपोफिलाइट, वाघोलीचं कॅव्हनसाइट असे चाळीसेक नमुने दिवाणखान्यातल्या कपाटात आहेत. नवा काउंटर जवळ धरला की आकडा कधी ०.०९, कधी ०.१७ दाखवतो. हिरव्या अपोफिलाइटपाशी तो वाढतो असं वाटतं. कपाट हलवावं का? (नाशिक)

कपाट आहे तिथेच राहू द्या. दख्खनचा बेसाल्ट युरेनियम-थोरियमच्या बाबतीत अगदी गरीब खडक आहे आणि त्याच्या पोकळ्यांत वाढलेले स्फटिकही तसेच. कॅव्हनसाइटचा निळा आणि अपोफिलाइटचा हिरवा रंग व्हॅनेडियममुळे येतो, युरेनियममुळे नाही. अपोफिलाइटमध्ये वजनाच्या चार टक्क्यांच्या आसपास पोटॅशियम असतं आणि नैसर्गिक पोटॅशियमच्या एका ग्रॅममधून सेकंदाला सुमारे ३१ विघटनं होतात, म्हणजे ३१ बेकेरेल. शंभर ग्रॅमच्या नमुन्यात हे सव्वाशे-दीडशे बेकेरेल झाले. तो नमुना हातात धरणाऱ्या माणसाच्या अंगात पोटॅशियमचेच चार हजारांच्या आसपास असतात. हिशेबच करायचा तर दगडाने तुमच्यापासून लांब राहायला हवं.

आकडा नाचतो तो वेगळ्या कारणाने. तुमच्यासारख्या उपकरणात बहुतेक वेळा एसबीएम-२० किंवा जे-३०५ जातीची नळी असते आणि घरात तिची मोजणी मिनिटाला साधारण वीस असते. विघटन हा योगायोगाचा खेळ असल्याने मोजणीतली अनिश्चितता त्या संख्येच्या वर्गमुळाइतकी असते. वीसचं वर्गमूळ साडेचार. म्हणून एका मिनिटात १२ आले काय किंवा २८ आले काय, दोन्ही सारखेच.

खरी मोजणी अशी करा. पडद्यावर मायक्रोसीव्हर्टऐवजी (हे शरीराला बसणाऱ्या किरणांच्या मात्रेचं माप) 'मिनिटाला मोजणी' निवडा. दहा मिनिटं नमुन्याशिवाय, दहा मिनिटं नमुना काउंटरच्या खिडकीला टेकवून, पुन्हा नमुन्याशिवाय, असं आलटून-पालटून तीन वेळा. नमुन्याशिवाय २०० आले असतील तर नमुन्यासह २२० आले तरी काहीच सिद्ध होत नाही. २६५ च्या पुढे गेले तर लक्ष द्या.

मायक्रोसीव्हर्टचा आकडा बाजूला ठेवायचा तो यासाठी, की उपकरणाने तो सीझियम-१३७ च्या गॅमा किरणांसाठी बसवलेल्या गुणकाने काढलेला असतो. दगड नळीला टेकवला की बीटा कणही (विघटनातून सुटणारे इलेक्ट्रॉन) मोजले जातात आणि आकडा काही पटींनी फुगतो. 'दगडातून ५ मायक्रोसीव्हर्ट येतात' अशी वाक्यं बहुतेक वेळा अशीच जन्माला येतात.

कन्याकुमारीहून आणलेली सात रंगांच्या वाळूची पाकिटं आहेत. एका पाकिटावर काउंटर जोरात टकटकतो. मुलं ही वाळू रांगोळीसाठी मागतात. (सोलापूर)

रांगोळीला देऊ नका. लाल दाणे गार्नेटचे, काळे इल्मेनाइटचे आणि मधासारखे पिवळसर दाणे मोनाझाइटचे. टकटक त्या पिवळ्या दाण्यांची. कन्याकुमारीजवळच्या मानवलकुरिचीहून जर्मनीला गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत एका जर्मन रसायनतज्ज्ञाला १९०९ मध्ये हेच दाणे सापडले आणि तिथून या किनाऱ्याचा इतिहास बदलला. आपल्याकडच्या मोनाझाइटमध्ये थोरियम ऑक्साइड आठ-नऊ टक्के असतं. एक ग्रॅम शुद्ध मोनाझाइट म्हणजे नुसत्या थोरियमचे पावणेतीनशे-तीनशे बेकेरेल, आणि थोरियमच्या विघटनातून एकामागून एक बनणारी साखळीतली पोरंबाळं धरली तर साधारण दसपट.

पाकीट फळीवर पडून राहिल्याने कुणाला काही होत नाही. वाळू चिमटीतून सोडताना जी बारीक धूळ उडते ती श्वासात जाते, हा खरा धोका. अल्फा कण कागदाने अडतात, कातडीच्या मृत थराने अडतात. पण तोच कण सोडणारा दाणा फुप्फुसात बसला तर मध्ये अडवायला काहीच नसतं. या छंदातली सगळी पथ्यं या एका गोष्टीतून निघतात. पाकीट न फोडता जाड काचेच्या बरणीत ठेवा, झाकणाभोवती टेप गुंडाळा, वर चिठ्ठी लावा : काय आहे, कुठून आणलं, कधी.

चुंबकाने किंवा ताटलीत पाखडून पिवळे दाणे वेगळे काढण्याचा मोह होतो. करू नका. धूळ तर उडतेच, शिवाय कायद्याच्या नजरेत गोष्ट बदलते. युरेनियम आणि थोरियमची खनिजं आपल्याकडे अणुऊर्जा कायद्याखालचे विहित पदार्थ आहेत. ती मिळवणं, बाळगणं, विकणं, आयात करणं या सगळ्याला परवाना लागतो. 'परदेशी संकेतस्थळावरून छोटासा युरेनियमचा दगड मागवला तर?' असं विचारणाऱ्या तीन पत्रांनाही हेच उत्तर. मे २०२१ मध्ये मुंबईत सात किलो नैसर्गिक युरेनियम पकडलं गेलं तेव्हा दोघांना अटक झाली होती. 'छंद म्हणून ठेवलंय' हा तपास अधिकाऱ्यापुढे टिकणारा खुलासा नाही.

रत्नागिरीच्या वाचकांनी मात्र धास्तावू नये. आपल्या किनाऱ्यावरची काळी वाळू मुख्यतः इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइटची आहे, ती टकटकत नाही.

आजोबांच्या ट्रंकेत ग्यासबत्तीच्या मँटलची न फोडलेली पाकिटं निघाली, अंदाजे चाळीस वर्षांपूर्वीची. काउंटर त्यांच्यावर वेडा होतो. एवढ्या वर्षांत किरणोत्सार कमी व्हायला नको होता का? (कोल्हापूर)

उलट वाढला असणार. जुन्या मँटलमध्ये थोरियम असतं. थोरियम-२३२ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ, १४०० कोटी वर्षं, त्यामुळे ते जसंच्या तसं आहे. कारखान्यात थोरियम शुद्ध करताना साखळीतलं रेडियम-२२८ बाहेर काढलं जातं. मँटल नवं असताना आधी काही वर्षं टकटक उतरते, कारण थोरियमबरोबर उरलेलं थोरियम-२२८ दोन वर्षांच्या आतल्या अर्धायुष्याने संपत जातं. मग रेडियम-२२८ पुन्हा साठू लागतं. त्याचं अर्धायुष्य पावणेसहा वर्षं, म्हणून चाळीस वर्षांत साखळी जवळजवळ पूर्ण भरते. सरासरी मँटलमध्ये थोरियमचे हजारेक बेकेरेल असतात. नव्या मँटलमध्ये थोरियमऐवजी यट्रियम असू शकतं, ते काउंटरला मुकं असतं.

बंद पाकीट म्हणजे घरगुती प्रयोगांसाठी चांगला स्रोत आहे. पाकीट न फोडता झिपच्या पिशवीत, ती पिशवी पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत, डबी कायमची बंद. आता काउंटर आणि डबीमध्ये एकेक अडथळा ठेवून दहा-दहा मिनिटं मोजा : अर्धा मिलिमीटर अॅल्युमिनियमचा पत्रा, मग एक, मग दोन, तीन. सुरुवातीला मोजणी झपाट्याने पडते, नंतर पत्रे वाढवले तरी फारशी हलत नाही. पडला तो बीटाचा भाग, उरला तो गॅमाचा.

जळलेल्या मँटलला हात लावू नका. एकदा पेटवलं की त्याची राख होते, ती फुंकरीनेही उडते. जुनी ग्यासबत्ती उघडताना काचेत राख दिसली तर ओल्या कागदाने टिपून घ्या, कागद पिशवीत बांधा, हात धुवा. झाडू नाही, फुंकर नाही आणि व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच नाही. तो बारीक धूळ एका टोकाने खेचतो आणि दुसऱ्या टोकाने खोलीभर पसरवतो.

अकरावी-बारावीच्या मुलांना परवाना न लागणारा, स्वस्त आणि खात्रीने चालणारा किरणोत्साराचा प्रयोग दाखवायचा आहे. (सातारा)

कृषी सेवा केंद्रातून म्युरेट ऑफ पोटॅश आणा, ०:०:६० लिहिलेलं. हे पोटॅशियम क्लोराइड. एका ग्रॅममध्ये साधारण १५ बेकेरेल. लाल रंगाचं मिळालं तरी चालेल, तो रंग लोहाचा. तुलनेसाठी तेवढंच साधं मीठ.

१० बाय १५ सेंटीमीटरचे दोन उथळ ट्रे घ्या. एकात २५० ग्रॅम पोटॅश, दुसऱ्यात २५० ग्रॅम मीठ, पृष्ठभाग पट्टीने सपाट करा. वर स्वयंपाकघरातली पातळ क्लिंग फिल्म ताणून लावा, नाहीतर क्षार नळीला लागतात आणि पावसाळ्यात पोटॅशला पाणी सुटतं. काउंटर फिल्मवर आडवा ठेवून प्रत्येकी दहा मिनिटं मोजा. नळी उघडी असेल किंवा पेटीला जाळीची खिडकी असेल तर पोटॅशवर मोजणी मिठाच्या दुपटीच्या आसपास जाते, कधी त्याहून जास्त.

प्रयोग फसतो तो जवळजवळ नेहमी पेटीमुळे. पोटॅशियम-४० च्या दर शंभर विघटनांत ८९ बीटा आणि जेमतेम ११ गॅमा. बंद प्लॅस्टिकची दोन मिलिमीटर भिंत बीटांचा मोठा हिस्सा गिळते आणि मुलं म्हणतात, 'सर, फरक नाही.' मागचं झाकण काढणं हा उपाय नव्हे. आत ४०० व्होल्ट असतात. विकत घेतानाच खिडकी असलेला घ्या.

चांगला वर्ग असेल तर इथे थांबू नका. पोटॅशचा थर आधी दोन मिलिमीटर, मग पाच, मग दहा, मग तीस करा. मोजणी पाच-सहा मिलिमीटरपर्यंत वाढते आणि मग जवळपास थांबते, पोटॅश सहापट झालं तरी. खालच्या थरातले बीटा वरच्याच थरात अडकतात. किलोभर दगड शंभर ग्रॅमच्या दगडाच्या दसपट का टकटकत नाही, याचं उत्तर मुलांना ट्रेमध्ये मिळतं. व्यस्त वर्गाचा नियम (अंतर दुप्पट केलं की मोजणी चौथाई) मात्र या ट्रेवर दाखवायला जाऊ नका. तो बिंदूसारख्या स्रोताचा नियम आहे. एवढ्या पसरट स्रोतावर जवळून आकडे जुळत नाहीत आणि मुलांचा विश्वास नियमावरून उडतो.

पावसाचं पाणी किरणोत्सारी असतं असं ऐकलं. घरी मोजता येईल? (पुणे)

येईल, आणि घरच्या घरी अर्धायुष्य पाहण्याचा हा सर्वांत सुंदर मार्ग आहे. जमिनीतून रेडॉन वायू हवेत येतो, त्याच्या विघटनातून शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४ बनतात, ते धुळीला चिकटतात आणि पाऊस त्यांना धुऊन खाली आणतो. यांची अर्धायुष्यं अनुक्रमे २७ आणि २० मिनिटं, म्हणून घाई करावी लागते.

गाडीचं बॉनेट आधी पुसून कोरडं ठेवा. पाऊस सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटं झाली की एकाच टिश्यू पेपरने साधारण चौरस मीटर जागा पुसा. कागद पिळू नका, नुसतं पाणी निथळू द्या. काउंटरच्या खिडकीएवढी घडी घाला, पातळ पिशवीत टाका, खिडकीला टेकवा. हे सगळं पाच मिनिटांत उरकायला हवं. मग दीड-दोन तास दर पाच मिनिटांची मोजणी लिहा, पार्श्वभूमी (कागद नसतानाची मोजणी) वजा करा, आलेख काढा. मोजणी साधारण अर्ध्या तासाला, कधी चाळीस मिनिटांना, निम्मी होत जाते. अगदी नेमकं २७ येत नाही, कारण एक मूलद्रव्य संपताना दुसरं तयार होत असतं. नळाच्या पाण्याने भिजवलेल्या कागदावर हीच मोजणी एकदा करून ठेवा.

जुलैत केलंत आणि काहीच दिसलं नाही तर प्रयोगाला दोष देऊ नका. नैऋत्य मोसमी वारा कित्येक दिवस समुद्रावरून आलेला असतो, समुद्रातून रेडॉन फारच थोडा निघतो आणि वाटेत असलेला विरत जातो. मे महिन्यातला वळीव किंवा परतीचा गडगडाटी पाऊस जमिनीवरच्या हवेतून पडतो; त्याची वाट पाहा. आणि काउंटर ओला होऊ देऊ नका. उच्च दाबाच्या जोडणीवर ओल बसली की वीज गळते आणि नळी उगाच टकटकते. मोजणी कमी होण्याऐवजी वाढतच गेली तर ती पावसाची करामत नाही.

मी न्यू जर्सीत राहतो. खनिज प्रदर्शनातून ऑट्युनाइटचा एक तुकडा आणि फ्रँकलिनचा हिरवा चमकणारा विलेमाइट घेतला. ऑट्युनाइटचे पापुद्रे सुटायला लागले आहेत. दोन्ही तळघरात आहेत. पुढच्या भेटीत एखादा तुकडा भारतात भावाला आणता येईल का?

विलेमाइट निर्धास्त शोकेसमध्ये लावा. तो अतिनील दिव्याखाली चमकतो, पण किरणोत्सारी नाही. चमक आणि किरणोत्सार या दोन निराळ्या गोष्टी आहेत. युरेनियमचं काळं युरेनिनाइट अतिनील दिव्याखाली ढिम्म राहतं आणि काउंटरवर बोंब मारतं.

ऑट्युनाइट हे युरेनियमचं खनिज, त्याचं तसं नाही. त्याच्या स्फटिकात पाणी असतं; कोरड्या, उबदार जागेत ते निघून जातं, त्याचं मेटा-ऑट्युनाइट होतं आणि थर सुटतात. ही प्रक्रिया मागे फिरवता येत नाही. आता करायचं एवढंच. नायट्राइलचे हातमोजे घाला, कडा असलेल्या ट्रेमध्ये ओलसर कागद पसरा आणि त्यावर काम करा. नमुना घट्ट झाकणाच्या डबीत बसवा, सुटलेले पापुद्रे त्याच डबीत. दिव्याची उष्णता त्याच्यापर्यंत पोचू नये. लाखेचा फवारा मारण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. आमच्या मते तो वाईट सल्ला आहे, फवाऱ्याच्या झोतानेच पापुद्रे उडतात. तोडणं, घासणं, कोरड्या ब्रशने झाडणं, अल्ट्रासॉनिक यंत्रात धुणं यातलं काही नाही. त्या टेबलावर चहाचा कप नको. नाकावर मास्क लावला म्हणजे हे सारं चालेल, असंही समजू नका.

तळघर हा मोठा मुद्दा आहे. युरेनियमच्या खनिजातून रेडॉन निघत राहतो, आणि तुमच्याकडे तळघरात जमिनीतूनही तो येतो. कोळशाच्या डबीची रेडॉन चाचणी आणून करा. अमेरिकेत लिटरला ४ पिकोक्युरी, म्हणजे घनमीटरला साधारण १५० बेकेरेल, यापुढे गेल्यास उपाय करायला सांगतात. जागतिक आरोग्य संघटना १०० ची मर्यादा सुचवते. एका छोट्या तुकड्याने फरक पडणार नाही, वीस तुकड्यांनी पडेल. डबी उघडायची ती खिडकीजवळ, चेहरा लांब ठेवून. आत साठलेला रेडॉन पहिल्या क्षणीच बाहेर येतो. झोपायच्या खोलीत संग्रह नको, आणि रोजच्या खुर्चीपासून दोन मीटर अंतर राहू द्या.

अमेरिकेत शुद्धीकरण किंवा प्रक्रिया न केलेल्या खनिजाला परवान्यातून सूट आहे. त्याच्यावर प्रक्रिया करायला गेलात की ती सूट संपते. भारतात तशी सूट नाही. भावाला विलेमाइट आणा.

थोडक्यात

'दुकानात रेडियम लिहिलेली पट्टी किरणोत्सारी असते का?' नाही. गाडीच्या नंबरप्लेटवरचं 'रेडियम' हा नुसता परावर्तक कागद आहे. शब्द राहिला, धातू कधीच गेला. जुन्या घड्याळाच्या काट्यांवरचा तपकिरी पडलेला रंग मात्र खरं रेडियम असू शकतो. अंधारात चमकत नाही म्हणून ते संपलं असं नाही. थकलाय तो चमकणारा झिंक सल्फाइड. रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षं. काच उघडू नका, काटे खरवडू नका.

'नेटवर्क मार्केटिंगमधून घेतलेलं ऋण-आयनांचं लॉकेट काउंटरवर टकटकतं.' अशा काही लॉकेटांत थोरियमयुक्त खनिजाची पूड मिसळलेली आढळली आहे. नेदरलँड्सच्या नियामकाने डिसेंबर २०२१ मध्ये अशा दहा वस्तू न वापरण्याचा इशारा दिला होता. फायदा शून्य, आणि वर्षानुवर्षं कातडीला टेकून. काढून पिशवीत बांधून ठेवा. फोडून आत काय आहे ते बघायला जाऊ नका.

कणांच्या वाटा धुक्याच्या रेषांनी दाखवणारं क्लाउड चेंबर केलं, पण नुसतं धुकं दिसतं, रेषा दिसत नाहीत. (ठाणे)

तुम्ही लिहिलंय की अल्कोहोल म्हणून सॅनिटायझर वापरला. तिथेच गाडी अडली. त्यात पाणी असतं आणि इथे ९९ टक्के शुद्धतेचा आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतो. काचेच्या टाकीच्या वरच्या आतल्या कडेला फेल्टची पट्टी चिकटवा, त्यावर २०-३० मिलिलिटर ओता. तळाला काळा रंगवलेला धातूचा पत्रा, त्याखाली किलो-दीड किलो कोरडा बर्फ, पत्र्याला सर्वत्र टेकलेला. खडे मोठे असतील तर मध्ये हवा राहते आणि पत्रा पुरेसा थंड होत नाही. फडक्यात गुंडाळून हातोडीने चुरा करा. टाकी आणि पत्र्याची फट मातकामाच्या क्लेने बुजवा. दहा-पंधरा मिनिटं हात लावू नका. खोलीतले दिवे घालवा आणि एलईडी टॉर्च बाजूने, तळाच्या एक सेंटीमीटरवरून आडवी मारा. वरून उजेड टाकला तर दिसतं ते धुकंच.

स्रोताशिवायही मिनिटाला काही रेषा दिसायला हव्यात : सरळ बारीक रेषा बहुधा आकाशातून आलेल्या म्युऑनांच्या, वेड्यावाकड्या इलेक्ट्रॉनांच्या. त्या दिसू लागल्यावरच टिग वेल्डिंगची लाल टोकाची काडी आत ठेवा. तिच्यात दोन टक्के थोरियम ऑक्साइड असतं, २.४ मिलिमीटर जाडीच्या १७५ मिलिमीटर काडीचं वजन साधारण १५ ग्रॅम, म्हणजे थोरियमचे हजार-अकराशे बेकेरेल. काडीच्या पृष्ठभागातून जाड, आखूड अल्फा रेषा फुटताना दिसतील. नवी काडी घ्या आणि तिला टोक काढू नका. वेल्डरलाही धोका असतो तो ग्राइंडरच्या धुळीचा.

कोरडा बर्फ उणे ७८ अंशांचा असतो, जाड हातमोज्यांनीच उचला. एका किलोतून पाचशे लिटरच्या वर कार्बन डायऑक्साइड सुटतो : खिडक्या उघड्या, गाडीच्या काचा खाली, आणि उरलेला बर्फ झाकण घट्ट लावून बाटलीत कधीच नाही. अल्कोहोल पेटतं, म्हणून जवळ निरांजन किंवा गॅस नको. फेल्ट तासाभराने कोरडा पडतो आणि रेषा विरळ होतात. बर्फ संपला असं समजून लोक आवरायला घेतात. आणखी दहा मिलिलिटर अल्कोहोल टाकून पाहा.